लक्ष्यरेखा, रायफल-दुर्बिणीतील

रायफलवर बसविलेल्या दुर्बिणीतून पाहताना लक्ष्याच्या प्रतिमेवर दिसणाऱ्या, नेम धरण्यासाठी योजलेल्या रेषा, खुंट वा ठिपका यांस लक्ष्यरेखा (रेटिकल) म्हणतात. या खुणेकडून परस्परविरोधी अशा दोन अपेक्षा असतात : लक्ष्य झाकले जाऊ नये इतकी ती बारीक असावी आणि अंधूक प्रकाशातही दिसावी इतकी ठळक असावी. या दोन अपेक्षांचा मेळ घालण्याचे प्रयत्न म्हणजेच लक्ष्यरेखेचा इतिहास होय.

इतिहास : लक्ष्यरेखेचा उगम ज्योतिषशास्त्रात आहे. गॅलिलीओ यांच्या दुर्बिणीत सत् प्रतिमा तयार होत नसल्याने तीत अशी खूण बसविता येत नव्हती. केप्लर यांनी १६११ मध्ये सुचविलेल्या, दोन बहिर्गोल भिंगांच्या दुर्बिणीत मात्र वस्तुभिंगाची प्रतिमा नळीच्या आतच पडते. १६४० च्या सुमारास इंग्लंडमधील विल्यम गॅस्कॉइन यांना आपल्या दुर्बिणीत नेमका त्या जागी आलेला कोळ्याचा धागा प्रतिमेइतकाच सुस्पष्ट दिसला. या योगायोगातून त्यांनी कोन मोजण्याची साधने सिद्ध केली. काळोख्या रात्री केस वा काटा दिसेनासा झाला, तर कंदिलातील मेणबत्तीचा उजेड भिंगात पाडण्याची युक्तीही त्यांनी पत्राद्वारे कळविली होती. प्रकाशित लक्ष्यरेखेची कल्पना अशा रीतीने मूळ शोधाइतकीच जुनी आहे. गॅस्कॉइन १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत मारले गेले.

रायफलवर दुर्बीण रूढ होण्यास त्यानंतर दोन शतके लागली. जॉन रॅटक्लिफ चॅपमन यांनी १८४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकन रायफलविषयक ग्रंथात अशा दुर्बिणीचे वर्णन आढळते. मुंबई लष्करातील अधिकारी डेव्हिड डेव्हिडसन यांनी तयार केलेली दुर्बीण व्हिटवर्थ रायफलीवर बसवीत. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेकडील नेमबाजांनी ती वापरली. या काळातील लांब व अरुंद नळ्यांतून दृश्याचा थोडाच भाग दिसे आणि त्यांतील बारीक फुली भर उजेडातच उपयोगी पडे.

मध्य यूरोपातील शिकारी रानडुक्कर व हरिण यांची शिकार संध्याकाळी, प्रसंगी चांदण्यातही करीत. अशा वेळी बारीक तार जनावराच्या काळ्या अंगावर दिसेनाशी होते आणि चुकलेल्या नेमाने जनावर जखमी होऊन निसटते. म्हणून तेथे खालून वर येणारा टोकदार खुंट व दोन्ही बाजूंस जाड आडव्या पट्ट्या ही रचना रूढ झाली. पहिल्या महायुद्धात शिकारीच्या दुर्बिणींबरोबर ती खंदकांत पोहोचली. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिशांच्या ३२ क्रमांकाच्या, तिप्पट विवर्धनाच्या दुर्बिणीतही खुंट व आडवी तार होती.

अमेरिकेतील ल्युपोल्ड कंपनीने १९६२ मध्ये ‘ड्युप्लेक्स’ ही रचना आणली. तीतील तारा कडेला जाड व मध्यभागी बारीक असतात. बारीक फुली अंधारात हरवली, तरी जाड टोकांच्या आधारे मध्य कळतो. सोव्हिएट ड्रॅगुनोव्ह रायफलीच्या पीएसओ–१ या दुर्बिणीत विजेरीच्या लहान दिव्याने प्रकाशित होणाऱ्या खुणा व १·७ मी. उंचीच्या माणसावरून अंतर काढण्याची वक्ररेषा होती. १९७० नंतरच्या दशकात ब्रिटिश सैन्याने वापरलेल्या ट्रायलक्स दुर्बिणीतील काटा वरून खाली येई व ट्रिटियमच्या किरणोत्सर्गामुळे प्रकाशित होई.

निवड : १०० मी. अंतरावर १ सेंमी. भाग झाकणारी रेषा ३०० मी. अंतरावर ३ सेंमी. झाकते, ५ सेंमी. झाकणारी रेषा तेथे १५ सेंमी. झाकते. म्हणून कागदी लक्ष्यासाठी बारीक, तर अंधूक प्रकाशासाठी जाड वा मिश्र रेषा सोयीची. चल विवर्धनाच्या दुर्बिणीत लक्ष्यरेखेचे स्थानही महत्त्वाचे असते. ती वस्तुभिंगाच्या पहिल्या प्रतिमेपाशी असल्यास विवर्धनाबरोबर जाड-बारीक दिसते. लक्ष्याशी तिचे प्रमाण मात्र कायम राहत असल्याने अंतर मोजणे सुलभ होते. नेत्रिकेकडील दुसऱ्या प्रतिमेपाशी असल्यास तिची दृश्य जाडी बदलत नाही. वस्तुभिंगाचा व्यास भागिले विवर्धन म्हणजे बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास; ४२ मिमी. भिंगातून ६ पट विवर्धनास तो ७ मिमी., म्हणजे अंधारात विस्फारलेल्या तरुण डोळ्याच्या बाहुलीइतका असतो. संध्याकाळी म्हणूनच विवर्धन कमी करतात आणि नेमक्या त्याच वेळी पहिल्या प्रकारची रेषा बारीक होऊन हरवण्याचा संभव असतो. रेषा प्रकाशित करून हा दोष टाळता येतो. तथापि उजेड प्रखर असल्यास बाहुली आकुंचन पावून लक्ष्यच दिसेनासे होते. उजेड अगदी मंद करता येणे हा चांगल्या दुर्बिणीचा गुण होय.

लक्ष्यरेखा पुसट दिसण्याचे कारण पुष्कळदा तिच्यात नसून नेत्रिकेच्या जुळणीत असते. सूर्यापासून दूरच्या मोकळ्या आकाशाकडे क्षणभर पाहताच रेषा स्पष्ट दिसेल, अशी नेत्रिका फिरवून ठेवतात. फार वेळ पाहत राहिल्यास डोळा स्वतःच जुळवून घेतो व दोष लक्षात येत नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर हौशी शिकारीस वाव उरला नाही आणि ऑलिंपिकमधील रायफल-स्पर्धांत विवर्धक दुर्बिणीस परवानगी नाही. त्यामुळे येथे तिचा उपयोग मुख्यतः सैन्य व पोलीस दले करतात. ड्रॅगुनोव्ह रायफल भारतीय भूसेनेनेही स्वीकारली होती.