मैनेची ताटातूट

चिखलदऱ्यास इतिहास म्हटला की गाविलगडचे बुरूज आणि १८०३ ची लढाई डोळ्यांपुढे येते. पण लोकांच्या ओठांवरचे गाणे हाही इतिहासच होय. आज अण्णाभाऊ साठे यांच्या 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीचा विचार करावयाचा आहे.

अण्णाभाऊ १९२० साली वाटेगावी जन्मले. शाळा त्यांना लाभली नाही. घरच्यांसह पायी मुंबई गाठून ते गिरणीत राबले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या साथीने त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ही छक्कड अमर शेखांच्या बुलंद आवाजात सभासभांतून गाजली.

विषय साधा आहे. पोटासाठी मुंबईस आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोला आठवतो. तिचे रूप आळवतो आणि ताटातुटीचा दोष गरिबीला देतो. शेवटी म्हणतो, खंडित महाराष्ट्राचीही हीच गत झाली. बेळगाव, कारवार, निपाणी, गोवा दूरच राहिले.

कित्येक रसिक म्हणतात, विरहाच्या गाण्याला हे राजकारणाचे शेपूट कशाला? कामगारांत वावरलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. गिरणीकामगार चाळीतल्या एका खोलीत दहा-बाराजणांत पथारी टाकी. तेवढ्या पगारात बिऱ्हाड आणणे बहुतेकांना परवडत नसे. म्हणजे त्याचा विरह नशिबाचा नव्हता, मजुरीच्या दराचा होता. ज्याचे घर असे दुभंगले, त्याला दुभंगलेला मुलूख समजावून सांगावा लागत नाही.

आता आपल्या वऱ्हाडाविषयी मोकळेपणाने बोलू. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी यांच्यासारखे पुढारी त्याच मताचे होते. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीने मुसंडी मारली. विदर्भात मात्र काँग्रेसच टिकली. तेव्हा छक्कडीचा शेवट मुंबईकराच्या काळजाला भिडला तसा येथे सर्वांना भिडला असेल, असे मी म्हणणार नाही.

पण तिचा पूर्वार्ध येथे कोणाला परका आहे? मेळघाटातली कोरकू कुटुंबे पिके निघाली की मजुरीसाठी सपाटीवर उतरतात आणि होळीला गाव गाठतात. कोणी म्हातारी माणसे मागे ठेवतो, कोणी शाळेतली पोरे.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, १९६१ साली गोवा मुक्त झाला; बेळगाव, कारवार, निपाणी बाहेरच राहिले. १९७७ साली रोजगार हमीचा कायदाही झाला. तरी डोंगरउताराची ती वाट ओस पडलेली नाही. नकाशाचे भांडण न्यायालयात चालले आहे, ते चालो. गावातच पुरती मजुरी मिळावी, ही छक्कडीतली दुसरी मागणी मात्र आपल्या दाराशी उभी आहे. गाणे ऐकून माना डोलावणाऱ्यांनी तिचाही पाठपुरावा करावा, इतकेच माझे मागणे आहे.