बलू
बलू : शीर्षकांसाठीचा गुबगुबीत, खेळकर टंक. मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंकनिर्मिती संस्थेने तो घडवला, नाव ‘जंगल बुक’मधल्या अस्वलाचे. रेघा जाडजूड, टोके गोलसर, तरी अक्षर बोजड वाटत नाही. एरवी ठळक देवनागरीत शिरोरेघेखाली जागा अपुरी पडते. ‘क्ष’, ‘द्ध’ यांसारखी जोडाक्षरे चटकन बुजतात. बलूमध्ये अक्षरांच्या आतल्या पोकळ्या जपल्या आहेत, म्हणून ती लांबूनही ओळखू येतात. हेच त्याचे खरे यश. रोमनबरोबर नऊ भारतीय लिप्यांत तो मिळतो, तोही मुक्त परवान्याखाली, विनामूल्य. पुढच्या ‘बलू २’ आवृत्तीत जाडीचे पाच प्रकार आहेत. बालपुस्तकांची मुखपृष्ठे, खाऊची वेष्टने, दुकानांच्या पाट्या यांवर तो खुलतो. बारीक अक्षरातल्या सलग मजकुराला मात्र ठळक बलू वापरू नये.