बर्नआउट आणि दैनंदिन स्वकाळजी

बर्नआउट म्हणजे नोकरी-व्यवसायातील दीर्घकाळ चाललेल्या आणि आटोक्यात न आलेल्या ताणामुळे निर्माण होणारी शारीरिक व मानसिक शिणाची अवस्था होय. एका दिवसाचा थकवा रात्रीच्या झोपेने उतरतो. बर्नआउटमधील शीण सुट्टीनंतरही कायम राहतो. या अवस्थेतून सावरण्यासाठी झोप, आहार, चालणे, छंद व माणसांचा सहवास यांची रोज घेतलेली काळजी उपयोगी पडते. मात्र अशा काळजीसाठी मोकळा वेळ लागतो आणि तो वेळ कामाच्या तासांवर अवलंबून असतो.

== संज्ञा व व्याख्या ==
जर्मनीत जन्मलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी इ.स. १९७४ मध्ये एका शोधनिबंधातून ही संज्ञा मानसशास्त्रात रुजवली. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात सेवाभावाने राबणाऱ्या कार्यकर्त्यांची उमेद काही महिन्यांत मावळते, हे त्यांनी पाहिले होते. पुढे क्रिस्टिना मास्लॅक व सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद 'व्यवसायाशी निगडित स्थिती' अशी आहे. तिला स्वतंत्र आजार मानलेले नाही. ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात पुढील तीन लक्षणे दिली आहेत :
* शक्ती संपून गेल्याची भावना
* कामाविषयी मानसिक दुरावा, तुच्छता किंवा कडवटपणा
* कार्यक्षमता घटल्याची जाणीव

== कारणे ==
मास्लॅक व मायकेल लायटर यांनी कारणांची सहा क्षेत्रे सांगितली आहेत : कामाचा बोजा, कामावरील नियंत्रण, मोबदला व कदर, सहकाऱ्यांशी संबंध, न्याय्य वागणूक आणि मूल्ये. यांपैकी कोणतेही क्षेत्र केवळ व्यक्तीच्या मनोबलाशी संबंधित नाही. त्यामुळे बर्नआउटला दुबळेपणा समजणे चुकीचे ठरते.

== उल्हासनगर कॅम्प ५ परिसराचा संदर्भ ==
फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना कल्याणजवळील लष्करी छावणीत आश्रय मिळाला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव देण्यात आले. छावणीचे पाच भाग 'कॅम्प' या नावानेच आजही ओळखले जातात. कॅम्प ५ हा भाग लोहमार्गाच्या पूर्वेस असून अंबरनाथला लागून आहे.

या परिसरात कामाच्या शिणाची दोन रूपे दिसतात. पहिले रूप रोज लोकलने मुंबईला जाणाऱ्या नोकरदारांचे. अंबरनाथ स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६० किलोमीटर अंतरावर आहे. लोकलचा एका बाजूचा प्रवास साधारण दीड तासाचा धरला, तरी जाण्यायेण्यात दिवसाचे तीन तास खर्च होतात. हा वेळ कामाच्या तासांत मोजला जात नाही. तो झोपेतून व घरच्या वेळेतून वजा होतो.

दुसरे रूप लहान कारखान्यांत किंवा घरीच यंत्रावर कपडे शिवणाऱ्यांचे. नगावर मजुरी असेल, तर विश्रांती म्हणजे बुडालेली कमाई असा हिशेब होतो. काम घरातच असल्यास ते सुटण्याची ठरलेली वेळही राहत नाही. घरकाम सांभाळून शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत हा भार दुहेरी असतो.

== विश्रांतीच्या हक्काचा इतिहास ==
विश्रांती ही वैयक्तिक बाब मानली जात असली, तरी महाराष्ट्रात ती सामूहिक लढ्यातून मिळाली आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना आठवड्याची निश्चित सुट्टी नव्हती. ठाण्यात जन्मलेले सत्यशोधक कार्यकर्ते व 'दीनबंधु' या पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार या मागण्यांच्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे १०,००० कामगारांची सभा झाली. तिच्यात दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

स्वतंत्र भारतातील कारखाना अधिनियम, १९४८ याने प्रौढ कामगारांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा व साप्ताहिक सुट्टी ठरवली. घरी बसून नगावर काम करणाऱ्यांपर्यंत मात्र हे संरक्षण सहसा पोहोचत नाही.

== सावरण्याची प्रक्रिया ==
साबिने सोनेनटाग व शार्लट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये, कामानंतर शक्ती भरून येण्यास साहाय्य करणारे चार अनुभव मांडले. दैनंदिन जीवनात ते पुढीलप्रमाणे आणता येतात :
* '''कामापासून मनाने अलग होणे''' – ठरावीक वेळेनंतर कार्यालयाचे संदेश न पाहणे. घरी काम करणाऱ्यांनी यंत्रावर आच्छादन घालून दिवस संपवणे.
* '''शिथिलता''' – संथ श्वसन, संगीत, सावकाश चालणे. कॅम्प ५ च्या रहिवाशांना अंबरनाथचे इ.स. १०६० मधील शिलाहारकालीन शिवमंदिर व वालधुनी नदीकाठचा परिसर जवळ आहे.
* '''नवे काही आत्मसात करणे''' – वाचन, गायन, बागकाम, नवी भाषा. कामाबाहेर काही जमू लागले की गमावलेला आत्मविश्वास हळूहळू परततो.
* '''मोकळ्या वेळेवर स्वतःचे नियंत्रण''' – दिवसातील अर्धा तास का होईना, तो कसा घालवायचा हे स्वतः ठरवणे.

याखेरीज झोपण्या-उठण्याची नियमित वेळ, वेळेवर जेवण आणि विश्वासातील माणसाशी बोलणे या गोष्टी मूलभूत आहेत. आरंभी मोठे संकल्प न करता एखादीच सवय धरणे हितावह असते. अन्यथा स्वकाळजी हेच आणखी एक काम होऊन बसते. घरातील इतरांनी कामे वाटून घेतल्याशिवाय गृहिणीला असा वेळ मिळत नाही. म्हणून स्वकाळजी हा कुटुंबाचाही विषय आहे.

== मर्यादा ==
स्वकाळजीने शीण हलका होतो, पण त्याचे मूळ कारण दूर होतेच असे नाही. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ मधील अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के, तर हृद्रोहिणीच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्के अधिक असतो. कामाचे तास, मनुष्यबळ किंवा मजुरीचे दर तसेच राहिले, तर सावरलेली व्यक्ती पुन्हा त्याच अवस्थेत जाऊ शकते. त्यामुळे कामाची फेरवाटणी, रजा व ठरलेल्या वेळा यांविषयी मालकाशी किंवा वरिष्ठांशी बोलणी करणे हाही सावरण्याचाच भाग ठरतो.

== वैद्यकीय साहाय्य ==
बर्नआउट व नैराश्य यांची लक्षणे एकमेकांसारखी भासतात. उदासी कामापुरती न राहता सर्व गोष्टींतील रस संपणे, सतत झोप न येणे किंवा जीवन नकोसे वाटणे ही लक्षणे दिसल्यास स्वकाळजीवर विसंबून न राहता मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणे आवश्यक असते. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तिचा क्रमांक १४४१६ आहे.