घर ओढायचे की हाकायचे?

ब्रिटनमध्ये १९०७ साली 'कॅराव्हॅन क्लब' नावाची संस्था स्थापन झाली. चाकांवरच्या घरातून सहली काढणाऱ्या हौशी लोकांची ही संस्था. एकशे दहा वर्षे हे नाव टिकले आणि २०१७ मध्ये पाटी बदलून 'कॅराव्हॅन अँड मोटरहोम क्लब' अशी झाली. नावात भर पडली ती एकाच शब्दाची, पण त्यामागे एका तंत्राने दुसऱ्या तंत्राला मागे टाकल्याचा इतिहास आहे.

प्रथम दोन्हींतला फरक पाहू. कॅराव्हॅन म्हणजे मोटारीमागे जोडून ओढत न्यायचे घर. त्यात बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी सगळे असते. इंजिन मात्र नसते. मोटरहोममध्ये इंजिन, चालकाची जागा आणि घर एकाच सांगाड्यावर असते. जर्मनीत १९९० च्या दशकात नव्या कॅराव्हॅनची नोंदणी मोटरहोमपेक्षा जास्त होत असे. २०२० साली तिथे सुमारे ७८ हजार नवी मोटरहोम नोंदली गेली आणि कॅराव्हॅन फक्त २९ हजार. पुढच्या वर्षी हेच आकडे ८१ हजारांवर आणि २५ हजारांच्या आत असे होते.

आता विद्यार्थ्यांना एक साधा प्रश्न विचारावा. सहल वर्षातून तीन-चार आठवड्यांची. उरलेले वर्ष कॅराव्हॅन अंगणात उभी राहते आणि मोटार रोजच्या कामाला मोकळी होते. मोटरहोम उभे राहते तेव्हा त्याचे महागडे इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक सगळेच निकामी उभे राहतात. शिवाय नवे मोटरहोम नव्या कॅराव्हॅनच्या साधारण तिप्पट किमतीला पडते. मग काटकसरीचे तंत्र का हरले? मुले बहुधा 'लोक श्रीमंत झाले' असे उत्तर देतील. ते खोटे नाही, पण अपुरे आहे.

मूळ शब्द फारसी 'कारवान'. त्याचा अर्थ प्रवाशांचा तांडा. आपला 'कारवाँ' तोच. इंग्रजीत जाऊन तो छपराच्या गाडीला लागला, आणि त्याचेच शेपूट तुटून 'व्हॅन' हा शब्द झाला. (हे शेपूट पुढे आपल्याला भेटणार आहे.) युरोपात रोमा लोक आणि जत्रेतले खेळवाले फार पूर्वीपासून घोड्यांच्या गाडीत संसार करीत. निव्वळ हौसेसाठी मात्र अशी गाडी बांधून घेतली ती विल्यम गॉर्डन स्टेबल्स या नौदलातील निवृत्त डॉक्टरने. मुलांसाठी साहसकथा लिहिणारा हा गृहस्थ. त्याची 'वाँडरर' ही गाडी ब्रिस्टलच्या कारखान्यात १८८५ साली तयार झाली. लांबी १८ फूट, वजन दोन टनांच्या घरात, ओढायला दोन घोडे. त्याच वर्षी लंडनच्या पश्चिमेकडील ट्वायफर्डहून तो थेट स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसला गेला. पुढे तीनचाकी सायकलवर नोकर, समोरून येणाऱ्यांना सावध करायला! ही गाडी आजही जतन केलेली आहे.

घर आणि घोडा वेगळे असणे तेव्हा स्वाभाविकच होते. मोटार आल्यावर लोकांनी घोड्याच्या जागी मोटार जोडली, इतकेच. बर्मिंगहॅममध्ये रायली पितापुत्रांनी १९१९ पासून 'एक्लेस' या नावाने मोटारीमागच्या कॅराव्हॅन विकायला सुरुवात केली. जर्मनीत १९३१ साली आरिस्ट डेथलेफ्स याने पहिली कॅराव्हॅन बांधली. त्याचा घरचा धंदा चाबूक आणि स्कीच्या काठ्या बनवण्याचा. त्यासाठी तो सतत फिरतीवर असे, आणि त्याची वाग्दत्त वधू फ्रीडेल एडेलमान चित्रकार होती. बरोबर जाता यावे आणि चित्रेही काढता यावीत म्हणून हे घर. त्याने त्याला नाव दिले 'वोनआउटो', म्हणजे 'राहण्याची मोटार'. नाव मोटारीचे आणि वस्तू ओढायची!

मोटरहोमची कल्पना काही नंतरची नव्हे. अमेरिकेत 'पिअर्स-ॲरो' कंपनीने १९१० सालीच झोपण्याची सोय असलेली मोटार प्रदर्शनात मांडली होती. पण ती धनिकांची चैन. सामान्य कुटुंबाकडे फार तर एक मोटार होती आणि तिच्यामागे हलकेसे घर जोडणे एवढेच त्याला परवडणारे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये सॅम आल्पर याने 'स्प्राइट' ही कॅराव्हॅन १९९ पौंडांना विकली. अशी कॅराव्हॅन त्याने भूमध्य समुद्राभोवतीच्या खडबडीत रस्त्यांवरून हिंडवून तपासली होती. हॉटेलचे तोंड न पाहिलेली कितीतरी कुटुंबे अशा घरांमुळे प्रथमच समुद्रकाठी पंधरा दिवस राहू शकली. माझ्या मते कॅराव्हॅनची खरी कामगिरी हीच.

आता यंत्रशास्त्राकडे वळू. कॅराव्हॅन आणि मोटार यांना जोडतो ५० मिलिमीटर व्यासाचा एक पोलादी गोळा. सारी कटकट या गोळ्यापाशी आहे. वजन आसाच्या थोडे पुढे ठेवावे लागते, म्हणजे गोळ्यावर थोडा भार खाली दाबत राहतो. ब्रिटनमध्ये कॅराव्हॅनच्या भरल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के भार योग्य मानतात. आपल्या गाडीवानांना हे शिकवायला नको. माल पुढे सरकला की बैलगाडी धुरजड होते आणि मानेवर ओझे येते. मागे सरकला की ती उलाळ होते, जू वर उचलले जाते. पण बैलगाडीचा वेग ताशी चार-पाच किलोमीटर. ताशी नव्वद किलोमीटरला उलाळ कॅराव्हॅन भलतेच करते. वाऱ्याचा झोत किंवा शेजारून गेलेला ट्रक तिला किंचित आडवा ढकलतो आणि ती गोळ्याभोवती झुलू लागते. एका ठरावीक वेगाच्या खाली हे हेलकावे आपोआप विरतात. त्या वेगाच्या वर ते प्रत्येक झोक्यागणिक वाढत जातात, कारण त्यांना ऊर्जा पुरवते ती गाडीची पुढे जाण्याची गतीच. शेवटी कॅराव्हॅन मोटारीलाही रस्त्याबाहेर खेचते. बाथ विद्यापीठात या हेलकाव्यांचा बारकाईने अभ्यास झाला आहे. जड सामान दोन्ही टोकांना न ठेवता आसाजवळ ठेवावे, या सल्ल्यामागे जडत्वाघूर्णाचे तत्त्व आहे.

दुसरी अडचण मागे घेण्याची. कॅराव्हॅनचे शेपूट उजवीकडे वळवायचे तर चाक आधी डावीकडे फिरवावे लागते. एवढेच असते तर सवय झाली असती. पण मागे ढकललेला ट्रेलर तळहातावर उभ्या धरलेल्या काठीसारखा असतो: कोन जरासा चुकला की चूक आपणहून वाढते आणि सतत सावरावी लागते. उसाचा ट्रेलर मागे घेणारा ट्रॅक्टरचालक हे कसे करतो, ते मुलांना मुद्दाम पाहायला सांगावे.

ही अस्थिरता कायद्यातही उतरली. जर्मनीत ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. विशेष मंजुरी घेतली तर द्रुतगती मार्गावर १००. साडेतीन टनांपर्यंतच्या मोटरहोमला द्रुतगती मार्गावर अशी सक्तीची मर्यादा नाही. परवान्याची गोष्ट याहून परिणामकारक. जर्मनीत १९९९ पूर्वीच्या मोटारीच्या परवान्यावर साडेसात टनांपर्यंतचे वाहन चालवता येई आणि मागे कॅराव्हॅनही जोडता येई. नव्या 'बी' परवान्यावर वाहन साडेतीन टनांचे, आणि ट्रेलर ७५० किलोंहून जड असेल तर मोटार व ट्रेलर मिळून साडेतीन टन. मोटारीचे अनुज्ञेय वजन २,१०० किलो आणि कॅराव्हॅनचे १,५०० किलो धरले, तर बेरीज ३,६०० होते. शंभर किलोंसाठी वेगळी परीक्षा! २०१३ पासून थोडे प्रशिक्षण घेऊन ही मर्यादा सव्वाचार टनांपर्यंत नेता येऊ लागली. ब्रिटनने अशी अट डिसेंबर २०२१ मध्ये काढूनच टाकली. पण मधल्या पिढीने ओढण्याचा नाद सोडला होता.

मात्र कॅराव्हॅनच्या अडचणी मोजून मोटरहोमचा विजय पुरता उलगडत नाही. तो उलगडतो माल वाहणाऱ्या व्हॅनच्या इतिहासात. फोक्सवॅगनची डबा-व्हॅन १९५० मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी 'वेस्टफालिया' कंपनीने तिच्यात बसवायचा सहलीचा संच काढला. तो काढून ठेवला की आठवडाभर त्याच गाडीतून माल न्यावा. अमेरिकेत 'विनेबागो'ने १९६६ पासून मोटरहोम जुळणी-साखळीवर बांधून किमती खाली आणल्या. युरोपात निर्णायक ठरली ती १९८१ ची 'फियाट डुकाटो'. तिचे इंजिन पुढच्या चाकांना फिरवते, म्हणून मागे जाणारा फिरता दांडा नाही. दांडा नाही म्हणून तळ खाली आणि सपाट. चालकाच्या कक्षामागचा मूळ सांगाडा काढून त्या जागी 'आल-को'चा हलका, बुटका सांगाडा जोडता येऊ लागला, आणि त्यावर घर. पार्सले आणि फर्निचर वाहण्यासाठी केलेल्या सुधारणांचा लाभ घराला आयता मिळाला. शब्दाचे तुटलेले शेपूटच असे धडाला भारी पडले.

प्रवाशांची रीतही बदलली होती. मुले मोठी होऊन गेल्यावर उरलेल्या जोडप्याला एका जागी पंधरा दिवस बसायचे नसते. रोज नवे गाव हवे असते. जर्मनीतील नगरपालिकांनी मोटरहोमसाठी गावाजवळ रात्रीच्या मुक्कामाच्या जागा आखल्या. त्यांपैकी अनेक ठिकाणी कॅराव्हॅनला प्रवेश नसतो. कॅराव्हॅन प्रामुख्याने उरली ती मुलेबाळे असलेल्या, हात राखून खर्च करणाऱ्या कुटुंबांकडे, ज्यांना मुक्कामी घर सोडून मोटारीने बाजारात जायचे असते. मोटरहोमवाल्याला दूध आणायचे तर सगळे घर हलवावे लागते, किंवा मागे सायकली टांगाव्या लागतात.

साडेतीन टनांची मर्यादा आता मोटरहोमलाही जाचते आहे. वर्गात करण्याजोगे गणित: रिकामे घर २,९०० किलो, चार माणसे ३०० किलो, पाणी १०० लिटर, सायकली, गॅसच्या टाक्या, कपडे, खाणेपिणे. मुलांना बेरीज करू द्यावी. त्यात विजेच्या वाहनांची भर पडली आहे. कॅराव्हॅन जोडली की हवेचा विरोध इतका वाढतो की विजेच्या मोटारीचा पल्ला जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि बरीच चार्जिंगची ठिकाणे एकट्या मोटारीच्या मापाची असल्याने घर आधी सोडून ठेवावे लागते. मोटरहोमला मोठी बॅटरी द्यावी, तर ती काही शे किलोंची.