करडईचा वारसा

हल्ली आमच्या डोंबिवलीत लाकडी घाण्याच्या तेलाची दुकाने बरीच झाली आहेत. करडई आणि सूर्यफूल ही तेले तिथे शेजारी शेजारी असतात. दोन्ही एकाच कुळातली. पण सूर्यफूल उशिरा आलेला पाहुणा, करडई घरची. सोलापूर-मराठवाड्यात ज्वारीच्या कडेने काटेरी करडई पेरत, म्हणजे गुरे आत शिरत नसत.

बी आधी ओलेइक आम्ल तयार करते, मग एक विकर त्याचे लिनोलेइक करते. लिनोलेइकचे तेल लवकर खवट होते, ओलेइकचे टिकते. नेहमीच्या करडईत लिनोलेइक पाऊण हिस्सा. १९५७ साली ऑस्ट्रेलियात, भारतातून गेलेल्या करडईच्या बियांत नेमके उलटे प्रमाण आढळल्याचे प्रसिद्ध झाले!

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथील नोल्स यांनी तिचा नेहमीच्या करडईशी संकर केला. पहिल्या पिढीत लिनोलेइकच वरचढ. पुढच्या पिढीत चारांतले एक बी ओलेइकचे. मेंडेलचा वाटाणाच की हो! म्हणजे गुण एका जनुकाचा, आणि अप्रभावी. शिवाय तेल ठरते ते बीमधल्या गर्भावर, म्हणून संकरित झाडाच्या एकाच बोंडात दोन्ही तऱ्हेच्या बिया निघतात. १९६६ साली यातूनच तिकडे 'यूसी-१' हा वाण आला.

सूर्यफुलात असे बी आयते मिळाले नाही. १९७६ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ सोल्दातोव यांनी बियांवर रसायन वापरून घडवलेल्या 'परव्हेनेत्स' वाणाची माहिती प्रसिद्ध केली. अर्थ, पहिले अपत्य. त्याचा मूळ वाण 'व्हीएनआयआयएमके ८९३१', आणि १९६९ साली भारतात आलेल्या रशियन वाणांत तोही होता. इथे मात्र ओलेइकचा गुण बव्हंशी प्रभावी निघाला.

नोल्स यांच्या १९६३ च्या निबंधाच्या शीर्षकात 'भारतातील' करडई असा उल्लेख आहे. शेतकऱ्याचे नाव अशा ठिकाणी येत नसते. पण दरवर्षी चांगले बी निवडून कणगीत राखणारे हात होते, म्हणून तर तो गुण टिकला.

फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याची करडईही काढली. तरी काटे, मजुरी आणि भाव यांपायी महाराष्ट्रातली करडई गेल्या तीस-चाळीस वर्षांत फार घटली. पेरायचे थांबले की घरचे बी एक-दोन पावसाळ्यांत संपते. त्यात आणखी काय दडले होते, ते मग कुणालाच कळत नाही.