पाच पैशांचे जादा तिकीट



इतिहास म्हटला की ताम्रपट आणि बखरी आठवतात. माझे शिक्षण बेताचेच. माझे दप्तर म्हणजे कामगार संघटनेच्या कचेरीतील जुने टपाल. त्यातच हा विषय सापडला. १९७२ सालच्या पाकिटांवर वीस पैशांच्या तिकिटाखेरीज पाच पैशांचे आणखी एक तिकीट दिसते. ते कशासाठी?

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. त्यांच्या पोटाची सोय करण्यासाठी सरकारने रेल्वे व विमानाच्या प्रवासावर आणि टपालावर कर बसवला. १५ नोव्हेंबर १९७१ पासून पोस्टकार्डे व वर्तमानपत्रे वगळून साऱ्या टपालावर हे तिकीट सक्तीचे झाले. नवे खास तिकीट निघाले १ डिसेंबरला. मधल्या पंधरवड्यासाठी कुटुंबनियोजनाचे पाच पैशांचे तिकीट घेऊन त्यावर निर्वासित-साहाय्याचे शब्द छापले. कुटुंब लहान ठेवा म्हणणाऱ्या तिकिटावर, कुटुंबेच उद्ध्वस्त झालेल्यांचे नाव! तीही तिकिटे सर्वत्र वेळेवर पोचली नाहीत, तेव्हा ठिकठिकाणच्या पोस्टमास्तरांना स्वतःच छाप मारण्याची मुभा मिळाली. बंगळूर, जयपूर, गोवा येथे ते शब्द छापून घेतले; बहुतेक ठिकाणी मात्र रबरी शिक्क्यावर भागवले.

संग्राहक या शिक्क्यांच्या मागे असतात, आणि फसतातही तिथेच. रबरी शिक्का कोणीही बनवू शकतो. म्हणून सुट्या तिकिटावर विश्वास ठेवू नये. गावाचा व तारखेचा ठसा असलेले अख्खे पाकीट हाच पुरावा. घरात असे पाकीट असेल तर कृपा करून तिकीट भिजवून सोडवू नका.

आता माझ्या धंद्याचा हिशेब. पोस्टकार्ड वगळले हे बरे केले. गरिबाचे पत्र बहुधा त्यावरच जाई. पण पंधरा पैशांच्या अंतर्देशीय पत्रावर पाच पैसे म्हणजे तिसरा हिस्सा, आणि गिरणीमालकाच्या जाडजूड लिफाफ्यालाही तेच पाच. कॅनडाने १९१५ साली पत्रावर एक सेंटचा युद्धकर बसवला, तोही असाच सरसकट होता.

तरीही हे पैसे दिले ते योग्यच झाले, असे मी म्हणतो. माझी तक्रार निराळी आहे. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात शरणागती झाली, पुढच्या काही महिन्यांत बहुतेक निर्वासित परतले, आणि कर मात्र ३१ मार्च १९७३ पर्यंत चालू राहिला. आमच्या गठ्ठ्यातले तसले शेवटचे पाकीट त्याच महिन्यातले आहे. आत वर्गणी थकल्याची आठवण आहे.