आरोग्य सहकार्य प्रकल्पांचे मूल्यमापन (ठाणे व कल्याण-डोंबिवली)

परदेशी विद्यापीठे व निधिसंस्था यांच्या साहाय्याने प्राथमिक आरोग्यसेवा बळकट करण्यासाठी राबविलेल्या कार्यक्रमांची फलनिष्पत्ती तपासणे. ठाणे (स्थापना १९८२) व कल्याण-डोंबिवली (१९८३) या महापालिकांना उपयोगी पडेल असा सर्वांत नीट नोंदलेला पुरावा शेजारच्या मुंबईतला आहे. नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात महिला गटांच्या बैठकांमुळे नवजात मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. तीच पद्धत ‘स्नेहा’ संस्था, बृहन्मुंबई महापालिका आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन यांनी २००६ ते २००९ या काळात ४८ झोपडपट्ट्यांत तपासली. निम्म्या वस्त्यांत मिळून २४४ गट चालविले, उरलेल्या तुलनेसाठी ठेवल्या आणि तीन वर्षांत १८,१९७ जन्म नोंदविले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रसूतिसेवेच्या वापरात म्हणण्याजोगा फरक पडला नाही. गट असलेल्या वस्त्यांत नवजात मृत्यू उलट अधिक नोंदले गेले. त्याच्या कारणांचा उलगडा झालेला नाही. मकवानपुरात बाळंतपणे बहुतांशी घरीच होत, मुंबईत ती आधीच दवाखान्यांत होत होती. म्हणजे एका ठिकाणचे यश दुसरीकडे गृहीत धरता येत नाही. अपेक्षाभंग करणारा निष्कर्ष जसाच्या तसा छापला गेला, हे या चाचणीचे मोठेच श्रेय होय.

अशा चाचण्या खर्चिक असतात आणि अर्ध्या वस्त्यांना लाभापासून दूर ठेवतात, असा आक्षेप घेतला जातो. खर्चाचा मुद्दा खरा आहे. मात्र तुलनेच्या वस्त्यांतही महापालिकेची नेहमीची सेवा चालूच होती, आणि लाभ होतो की नाही हेच तर तपासायचे होते. शिवाय २००५ मध्ये दवाखान्यातील बाळंतपणाला उत्तेजन देणारी जननी सुरक्षा योजना सुरू झाली. तुलनेचा गट नसता, तर अशा सरकारी योजनांमुळे होणारी सुधारणाही प्रकल्पाच्याच खात्यावर जमा झाली असती.

‘स्नेहा’चे रेफरल व्यवस्थेचे (रुग्णाला पुढच्या रुग्णालयात पाठविण्याच्या व्यवस्थेचे) काम पुढे ठाणे व कल्याण-डोंबिवलीपर्यंत पोहोचले. येथे मोजणीचीच अडचण मोठी आहे. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते आणि तिची नोंद येथे होत नाही, तर मुरबाड-शहापूरकडच्या अत्यवस्थ रुग्णांची शेवटची नोंद बऱ्याचदा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात होते. कल्याणलगतची २७ गावे २००२ मध्ये महापालिकेतून वगळली गेली आणि २०१५ मध्ये परत आली. ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला. त्यामुळे नुसते दर वर्षागणिक ताडून पाहण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा रेफरलची चिठ्ठी अधिक बोलते : नागरी आरोग्य केंद्रातून बाई किती वाजता निघाली, रक्तदाब व हिमोग्लोबिन लिहिले होते का, कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयाला आधी फोन गेला का, आणि तेथून तिला पुन्हा पुढे धाडले का.

अर्थसाहाय्य (मुंबई चाचणी) : आयसीआयसीआय फाउंडेशन, वेलकम ट्रस्ट.

प्रशिक्षणे व बैठका यांची संख्या म्हणजेच परिणाम असे धरून चालणारे अहवाल मूल्यमापनात मोडत नाहीत.